सुट्टीआधीचा शेवटचा रविवार : प्रागच्या युनिटेरियन मंडळीतील फुलांच्या सोहळ्याचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

१९२३ च्या जून महिन्यात प्राग शहरातील एका नव्या धर्ममंडळीची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली होती. साप्ताहिक सभा काही आठवडे बंद राहणार होत्या आणि मंडळीतील माणसे पांगणार होती. आपल्याकडे जून उजाडला की शाळा, पेरणी आणि पाऊस यांची गडबड सुरू होते. मध्य युरोपात मात्र जून हा उन्हाळ्याचा उंबरठा असतो. संध्याकाळ लांबते, लिंडनची झाडे फुलतात, शाळा बंद होतात आणि ज्यांना परवडते अशी शहरी कुटुंबे खेड्यात भाड्याने घर घेऊन राहायला जातात. ज्यांना तेवढे परवडत नाही ते व्ल्तावा आणि साझावा या नद्यांच्या काठाने सुट्टीच्या दिवशी भटकायला निघतात. त्या काळातही हेच घडत होते.

जुन्या, प्रस्थापित चर्चला अशा पांगापांगीची भीती नसते. प्रागचा कॅथलिक माणूस उन्हाळ्यात ज्या खेड्यात जाई, तेथे त्याला चर्चचा मनोरा दिसे, तीच लॅटिन मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) ऐकू येई आणि तीच प्रार्थना त्याला तोंडपाठ असे. आपली मंडळी मागे राहिली, असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. युनिटेरियन हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला, कोणतेही धर्ममत सदस्यांवर बंधनकारक न करणारा उदारमतवादी पंथ; त्याच्या मंडळीतील सदस्याची गोष्ट वेगळी होती. सर्वांनी एका स्वरात म्हणावा असा विश्वासाचा पाठ त्याच्याकडे नव्हता, घरी ठेवायला मूर्ती वा क्रूस नव्हता, आणि शेजारी बसणारा माणूस ईश्वराविषयी आपल्यासारखेच मानतो याची खात्रीही नव्हती. ठरलेल्या दिवशी एका सभागृहात एकत्र बसणे एवढेच काय ते त्याला इतरांशी जोडून ठेवत होते, आणि नेमके तेच आता खंडित होणार होते.

या अडचणीवर मंडळीचे पाळक नॉर्बर्ट चापेक यांनी जो मार्ग काढला, तो या लेखाचा विषय आहे. आज अमेरिकेतील अनेक युनिटेरियन मंडळ्यांत तो मार्ग एक प्रेमळ रिवाज म्हणून पाळला जातो. मूळ प्रसंगात तो अतिशय विचारपूर्वक शोधलेला उपाय होता, आणि त्या विचाराकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते.

माणसे कोठून आली होती

चापेक यांचा जन्म १८७० मध्ये आजच्या चेक देशात मोडणाऱ्या दक्षिण बोहेमियातील रादोमिश्ल येथे एका शिंप्याच्या कॅथलिक कुटुंबात झाला. तरुणपणी व्हिएन्नात काम शिकत असताना ते बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे वळले आणि पुढे त्याच पंथाचे धर्मप्रचारक व पाळक झाले. हळूहळू त्यांचे मन त्या चौकटीतूनही बाहेर पडू लागले. १९१० मध्ये बर्लिन येथे उदारमतवादी धर्मविचारकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. युनिटेरियन लोकांशी त्यांचा संबंध त्या परिषदेच्या निमित्ताने आला. मराठी वाचकाला ही परिषद पूर्णपणे परकी वाटू नये. तिच्याच मालिकेतील १९०३ ची परिषद ॲम्स्टरडॅम येथे झाली, आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन लोकांच्या साहाय्याने शिकणारे विठ्ठल रामजी शिंदे तेथे प्रार्थना समाज व ब्राह्म समाज यांच्या परंपरेविषयी बोलले होते. मूर्ती, पुरोहित आणि बंधनकारक धर्ममत यांशिवाय उपासना उभी कशी करावी, हा प्रश्न मुंबईच्या प्रार्थना समाजाला १८६७ पासून भेडसावत होता. प्रार्थना समाजाच्या हाताशी तुकोबांचे अभंग होते. चापेक यांच्या हाताशी तसे काही नव्हते, हा फरक पुढच्या सगळ्या कथेत लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९१४ मध्ये, बोहेमियावर तेव्हा राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियन सत्तेच्या रोषाच्या भीतीने चापेक अमेरिकेत गेले. तेथे १९१७ मध्ये त्यांनी माया ओक्ताव्हेक यांच्याशी विवाह केला. त्याही मूळच्या बोहेमियाच्याच, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या. १९१९ मध्ये चापेक यांनी बाप्टिस्ट पाळकपद सोडले, पुढे पतिपत्नी न्यूजर्सीतील एका युनिटेरियन मंडळीचे सदस्य झाले आणि १९२१ मध्ये अमेरिकन युनिटेरियन संघटनेच्या पाठिंब्याने मायदेशी परतले.

ते परतले तो देशच नवा होता. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग राजघराणे आणि कॅथलिक चर्च ही चेक लोकांच्या मनात एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, त्यामुळे राजसत्ता गेल्याबरोबर चर्चवरचाही राग बाहेर पडला. स्वातंत्र्यानंतर आठवडाही लोटला नव्हता, तोच ३ नोव्हेंबरला जमावाने प्रागच्या जुन्या शहरातील चौकातला मेरीचा स्तंभ पाडला. पुढच्या दोन-तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसांनी कॅथलिक चर्च सोडले. १९२० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय चेकोस्लोव्हाक चर्चकडे १९२१ च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक लोक गेलेले दिसतात, आणि सात लाखांहून अधिक लोकांनी आपण कोणत्याच धर्माचे नाही अशी नोंद केली.

चापेक यांच्या सभांना येणारी माणसे मुख्यतः या लोंढ्यातली होती. बरेचसे पूर्वीचे कॅथलिक, काही प्रोटेस्टंट, काही ज्यू, काही विज्ञानावर निष्ठा ठेवणारे आणि ईश्वराचे नावही नको म्हणणारे. त्यांपैकी बहुतेकांना आपण काय सोडून आलो हे नेमके सांगता येत होते. आपण कशासाठी आलो, हे सांगताना मात्र प्रत्येकाचे उत्तर निराळे होते. धर्मविचारांतील विविधता हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्या सभागृहात तिचा अर्थ असा होता की एकाला दिलासा देणारा शब्द दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणारा ठरू शकत होता.

विधीचा पेच

सुरुवातीला चापेक यांनी या परिस्थितीला सर्वात सुरक्षित उत्तर दिले. सभा साध्या ठेवल्या. धूप नाही, झगा नाही, वेदी नाही. मुख्य भाग व्याख्यानाचा. जे लोक विधींना विटून बाहेर पडले होते त्यांना हे मानवले. पण व्याख्यान ऐकायला आलेला माणूस श्रोता असतो, आणि व्याख्यानमाला उन्हाळ्यापुरती थांबली तर पुढच्या हंगामात तो पुन्हा येईलच असे नाही. शिवाय काही सदस्यांना कोरडेपणा जाणवू लागला होता. आपण नुसते एकत्र बसून ऐकतो, एकत्र काही करत नाही, ही खंत साधी नव्हती.

मग जुना विधीच नव्या अर्थाने का घेऊ नये? भाकर आणि द्राक्षारस यांचे, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करणारे प्रभुभोजन अनेक उदारमतवादी मंडळ्यांनी प्रतीक म्हणून चालू ठेवले होते. प्रागमध्ये ते शक्य नव्हते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी पाचशे वर्षे मागे जावे लागते. चेक धर्मसुधारक यान हुस यांना ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या अनुयायांची प्रमुख मागणी अशी होती की द्राक्षारसाचा प्याला धर्मगुरूपुरता न राहता सामान्य भाविकालाही मिळावा. त्या मागणीवरून युद्धे झाली आणि प्याला हे चेक बंडाचे चिन्ह बनले. १६२० मधील पांढऱ्या डोंगराच्या लढाईत प्रोटेस्टंट पक्षाचा पराभव झाल्यावर जुन्या चौकातील टीन चर्चच्या दर्शनी भागावरचा सोनेरी प्याला उतरवून तेथे मेरीची मूर्ती बसवण्यात आली. असा इतिहास असलेल्या गावात टेबलावर प्याला ठेवला की पहिला प्रश्न, तो कोणाचा, हाच येणार. जो माणूस मिस्सेतून उठून बाहेर पडला होता त्याला ती मिस्साच परत आल्यासारखी वाटली असती. हुसचा अभिमान बाळगणाऱ्याला ते आपल्या बाजूचे निशाण वाटले असते. आणि ज्यू सदस्याला त्या भोजनात मुळात जागाच नव्हती.

गट पाडून प्रत्येकाला त्याच्या आवडीची उपासना देणे, हा आणखी एक मार्ग. तो चापेक यांनी घेतला नाही, आणि तो न घेणे हा मला या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा निर्णय वाटतो. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसे एकमेकांना दुखवत नाहीत हे खरे. पण मग त्यांना एका मंडळीचे नाव कशासाठी द्यायचे?

त्या रविवारी काय झाले

उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने येताना एक फूल घेऊन यावे, असे चापेक यांनी सुचवले. बागेतले, रस्त्याच्या कडेचे, शेताच्या बांधावरचे, कोणतेही. सभागृहाच्या मध्यभागी टेबलावर एक मोठी फुलदाणी ठेवलेली होती. येणाऱ्याने आपले फूल स्वतःच्या हाताने तिच्यात ठेवायचे. आपण येथे कोणाच्या सक्तीने वा जन्माने आलो नाही, स्वखुशीने आलो आहोत, असा त्या कृतीचा अर्थ सांगितला गेला. फुलदाणी ही मंडळी.

प्रवचनात चापेक यांनी आधी प्रत्येक फुलाच्या वेगळेपणावर भर दिला आणि स्वातंत्र्य हाच आपल्या एकत्र येण्याचा पाया आहे असे सांगितले; त्यानंतर ते सर्वांच्या समान कार्याकडे वळले. मग आशीर्वादाची प्रार्थना झाली, आणि घरी जाताना प्रत्येकाने फुलदाणीतून एक फूल उचलले. हाती येईल ते उचलायचे, कोणी आणले होते याचा विचार करायचा नाही, आणि आपलेच परत घ्यायचे नाही. वर्ग, वंश वा इतर कोणताही भेद न पाहता, जो माणूस आहे आणि ज्याला चांगले वागायचे आहे त्याला आपण आपला मानतो, अशी ही कबुली होती. त्याच वर्षी अमेरिकन युनिटेरियन संघटनेचे अध्यक्ष सॅम्युएल एलियट यांना लिहिलेल्या पत्रात चापेक यांनी हा प्रयोग कळवला आणि असा प्रभावी अनुभव आपल्याला पूर्वी कधी आला नव्हता असे म्हटले.

महाराष्ट्रातला वाचक हे वाचताना काल्याकडे वळल्यावाचून राहणार नाही. वारीच्या शेवटी गोपाळपुरात गोपाळकाला होतो. प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि हाती येणारा घास कोणाच्या घरचा हे कोणी विचारत नाही. दोन्ही ठिकाणी आपले आणलेले आपल्याला परत मिळत नाही, आणि दोन्ही ठिकाणी हा क्षण निरोपाचा असतो. चापेक यांना काल्याची माहिती होती असे मला मुळीच सुचवायचे नाही. दोन दूरच्या परंपरांना निरोपाच्या वेळी सारखीच गरज भासली, एवढेच मी नोंदवतो. फरकही मोठा आहे. काल्यामागे विठ्ठल उभा आहे, आणि तो सर्वांचा आहे हे गृहीत आहे. प्रागच्या टेबलामागे सर्वांनी मान्य केलेले असे कोणीही उभे नव्हते.

उपाय लागू का पडला

फुलाची निवड केवळ सौंदर्यासाठी झाली असे म्हणता येत नाही. विधीचे साधन म्हणून फुलावर चर्चच्या कोणत्याही वादाचा शिक्का नव्हता. त्याच वेळी ते धार्मिक स्मृतीपासून तुटलेलेही नव्हते. बोहेमियात ख्रिस्तशरीराच्या कॅथलिक सणाच्या मिरवणुकीत, साधारण जूनच्या सुमारास, पांढऱ्या पोशाखातील लहान मुली पाकळ्या उधळत चालतात. चापेक यांच्या श्रोत्यांतील कितीतरी स्त्रियांनी लहानपणी त्या मिरवणुकीत पाकळ्या उधळल्या असतील. चापेक यांनी हे जाणून फूल निवडले असे मी सांगू शकत नाही. पण ज्या मंडळीने बालपणीचा धर्म सोडला होता, तिला त्या बालपणातील एक निरागस गोष्ट परत मिळाली, असे या घटनेचे वाचन मला योग्य वाटते.

फुलाचा दुसरा गुण असा की ते जूनमध्ये गरिबालाही फुकट मिळते. तिसरा गुण त्याच्या आयुष्याचा. ते दोन दिवसांत कोमेजते, त्यामुळे त्याचा ताईत होत नाही, ते जपून ठेवून त्याच्याभोवती नवा मूर्तिपूजक भाव निर्माण होत नाही. विधींपासून दुखावलेल्या माणसांसाठी ही मोठी हमी होती.

मात्र माझ्या मते सोहळ्याचे खरे बळ त्याच्या शेवटच्या भागात आहे. प्रार्थना कोणाला उद्देशून झाली, यावर सभागृहात एकमत होणे शक्य नव्हते. आस्तिकाने ती ईश्वराला उद्देशलेली मानली असेल, नास्तिकाने ती काव्य म्हणून ऐकली असेल. पण कोणाचे तरी फूल हातात धरून दाराबाहेर पडणे, ही कृती दोघांनी सारखीच केली. तिचा अर्थ पटण्यासाठी कोणत्याही सिद्धांताची गरज नव्हती. आणि बाहेर पडताना सुरू होत होता उन्हाळा. ज्या काळात मंडळी भेटणार नव्हती, त्या काळाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक सदस्याच्या घरी दुसऱ्या, बहुधा अनोळखी, सदस्याने खुडलेले फूल पाण्यात होते. सुट्टीच्या आधी हा सोहळा ठेवण्यामागचे मर्म येथे आहे. तो हिवाळ्यात मध्येच केला असता तर त्याचा हा अर्धा अर्थ हरवला असता.

याच काळात अमेरिकेतील युनिटेरियन मंडळ्यांत ईश्वरवादी आणि मानवतावादी यांच्यात तीव्र वाद चालला होता. ईश्वराचा उल्लेख न करता धर्म शक्य आहे असे जॉन डीट्रिच आणि कर्टिस रीस हे पाळक मांडत होते, आणि त्याला तितक्याच निष्ठेने विरोध होत होता. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवतावादी जाहीरनाम्यावरील ३४ सह्यांत युनिटेरियन पाळकांची संख्या मोठी होती. तो वाद आवश्यक होता आणि त्यातून विचार पुढे गेला. त्याला कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु तो शब्दांच्या पातळीवर लढला गेला, आणि प्रागच्या मंडळीने त्याच सुमारास दुसऱ्या पातळीवर उत्तर शोधले.

उपायाच्या मर्यादा

फुलांनी मतभेद मिटवले नाहीत, आणि ते मिटवण्यासाठी ती आणलीही नव्हती. सप्टेंबरमध्ये परत आलेली माणसे तीच होती. कोणाला अधिक प्रार्थना हवी होती, कोणाला कमी. मंडळी वाढली ती चापेक यांची व्याख्याने, त्यांनी रचलेली गीते, माया चापेक यांचे काम आणि अमेरिकेतून येणारी मदत या सर्वांच्या आधारे. १९२६ मध्ये माया यांनाही पाळकपदाची दीक्षा मिळाली. चार्ल्स पुलाजवळच्या कार्लोवा रस्त्यावर मंडळीला स्वतःची वास्तू मिळाली, १९३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस सदस्यसंख्या तीन हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. या वाढीचे श्रेय एका सोहळ्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. ते वर्षातून एकदाच होणारे कर्म होते.

काही टीकाकार असेही म्हणतात की असा विधी अवघड प्रश्नांना बगल देतो. सर्वांना आवडेल असे फूल पुढे करायचे आणि ईश्वर आहे की नाही हा प्रश्न टाळायचा. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः जेथे फुलांचा सोहळा हेच मंडळीच्या विचाराचे शिखर बनते तेथे. चापेक यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण ते वर्षभर याच प्रश्नांवर बोलत होते, आणि त्यांच्या शब्दांची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. मार्च १९४१ मध्ये नाझी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने, त्यांना त्यांच्या मुलीसह अटक केली. परदेशी नभोवाणी ऐकणे हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होता. जुलै १९४२ मध्ये त्यांना डाखाऊच्या छळछावणीत नेण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातील हार्टहाइम येथे विषारी वायूने ठार मारण्यात आले. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. सर्व माणसे एका फुलदाणीत मावतात, हे म्हणणे त्या राजवटीत निरुपद्रवी नव्हते.

समुद्रापलीकडचा उन्हाळा

माया चापेक १९३९ मध्ये अमेरिकेत गेल्या होत्या आणि युद्धामुळे तिकडेच अडकल्या. १९४० मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या युनिटेरियन मंडळीत हा सोहळा करून दाखवला, आणि तेथून तो अमेरिकाभर पसरला. १९६१ मध्ये युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट (सर्वांचाच उद्धार होतो असे मानणाऱ्या पंथाची) या दोन संघटना एक झाल्या. आज त्या एकत्रित संघटनेच्या असंख्य मंडळ्यांत मे किंवा जूनमधील एक रविवार फुलांसाठी राखलेला असतो. चापेक याला केवळ सोहळा म्हणत. अमेरिकेत त्याला फ्लॉवर कम्युनियन हे नाव पडले, म्हणजे ज्या प्रभुभोजनाचे नाव प्रागमध्ये टाळावे लागले तेच नाव येथे चिकटले. प्रागची जखम येथे नव्हती, त्यामुळे ते खपून गेले. तरीही ज्याला मूळ प्रसंग ठाऊक आहे त्याला हे नाव थोडे खटकते.

अमेरिकेत उन्हाळ्याचा प्रश्न मात्र जुनाच होता. एकोणिसाव्या शतकात बॉस्टनच्या परिसरातील सधन युनिटेरियन कुटुंबे उन्हाळ्यात समुद्रकाठी किंवा डोंगरात जात आणि शहरातील चर्च बंद राहत. उन्हाळ्याचे धार्मिक जीवन दुसरीकडे हलले. न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यापलीकडील स्टार आयलंड या खडकाळ बेटावर १८९७ पासून युनिटेरियन लोकांचे उन्हाळी मेळावे भरू लागले, आणि रात्री हातात कंदील घेऊन मुकाट्याने टेकडीवरच्या दगडी प्रार्थनामंदिरात जाण्याचा रिवाज तेथे रुजला. पण बेटावर जाणारे थोडे, मागे राहणारे पुष्कळ.

आज बहुतेक मंडळ्या उन्हाळ्यातही दार उघडे ठेवतात. जूनच्या उत्तरार्धात संघटनेचे वार्षिक अधिवेशन होते, त्यानंतर पाळक साधारणपणे एक महिना सुट्टीवर आणि एक महिना अभ्यासरजेवर असतात, आणि जुलै-ऑगस्टच्या उपासना सदस्यच चालवतात. बाहेरच्याला हा हंगामाचा ढिला भाग वाटतो. माझे मत उलट आहे. वर्षभर पाळकाच्या कौशल्याने सर्वांना रुचेल अशी भाषा व्यासपीठावरून येते. जुलैमध्ये ती चाळणी निघते. एका रविवारी बौद्ध ध्यानाची सवय असलेली सदस्या अर्धा तास शांत बसवते, पुढच्या रविवारी निवृत्त विज्ञानशिक्षक ईश्वराविना विस्मय कसा वाटतो ते सांगतो, त्यापुढच्या रविवारी कोणी येशूवरच्या आपल्या प्रेमाविषयी संकोच सोडून बोलते, आणि निसर्गपूजक सदस्यांनी त्याआधीच २१ जूनच्या सुमारास सर्वात मोठा दिवस साजरा केलेला असतो. उपस्थिती निम्म्यावर येते, पंखे फिरत असतात, लोक साध्या कपड्यांत येतात. पण मंडळीत किती प्रकारची माणसे आहेत हे कळण्याची जागा हीच. मतभिन्नता एरवी तत्त्व म्हणून सांगितली जाते. येथे ती रविवार-रविवार ऐकावी लागते, आणि ज्याचे म्हणणे पटत नाही त्याच्यासाठीही खुर्च्या मांडाव्या लागतात.

उन्हाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, सप्टेंबरमध्ये, पाण्याचा सोहळा असतो. त्याची सुरुवात नोव्हेंबर १९८० मध्ये मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथे, स्त्रिया आणि धर्म या विषयावरील मेळाव्यात झाली. कॅरोलिन मॅकडेड आणि लुसिल लाँगव्ह्यू यांनी तो रचला. वेगवेगळ्या ठिकाणचे पाणी एका पात्रात ओतणे, नद्यांनी समुद्राला मिळावे तसे, हा त्याचा गाभा होता आणि उपासनेत स्त्रियांचा आवाज ऐकू यावा ही त्यामागची तळमळ होती. पुढे मंडळ्यांनी तो हंगामाच्या पहिल्या रविवारी आणला, आणि सदस्य उन्हाळ्यात जेथे गेले तेथले पाणी आणून त्याची हकिकत सांगू लागले.

येथे एक बिघाड झाला, आणि अनेक मंडळ्यांनी तो प्रांजळपणे मान्य केला आहे. एक सदस्य भूमध्य समुद्राचे पाणी ओततो, दुसरा आल्प्समधल्या सरोवराचे; आणि ज्या बाईने सारा उन्हाळा दोन पाळ्यांत काम करून काढला ती हातातली छोटी बाटली पिशवीत परत ठेवते. विधी तोच, पण त्याने विचारलेला प्रश्न बदलला होता. कोठे जाऊन आलात, असे विचारले की माणसे ऐपतीप्रमाणे रांगेत उभी राहतात. प्रागच्या फुलदाणीत फूल ठेवताना कोणी बोलत नव्हते, आणि फूल कोठून आणले याची चौकशी करणे तर सोहळ्याच्या हेतूलाच विरोधी होते. आता कित्येक ठिकाणी हकिकती वगळल्या जातात, घरच्या नळाचे पाणी चालेल असे आधीच सांगितले जाते, किंवा सर्वांनी एकाच घागरीतले पाणी वाटून घेऊन ओतायचे असते. हे बदल मला मूळच्या दोन्ही सोहळ्यांशी अधिक प्रामाणिक वाटतात.

दाराजवळची बादली

फुलांच्या सोहळ्यातही एक अडचण उरतेच. जो रस्त्यावरून सहज आत आला, ज्याला आज फुले आणायची हे ठाऊक नव्हते, त्याचे काय? तो रिकाम्या हाताने टेबलाकडे कसा जाणार, आणि शेवटी फुले मोजकी निघाली तर? म्हणून बहुतेक ठिकाणी कोणीतरी सकाळी लवकर येऊन दाराशी पाण्याने भरलेली बादली ठेवते आणि तिच्यात जादा फुले असतात, बहुधा त्या माणसाच्या स्वतःच्या परसातली. आलेल्या पाहुण्याला त्यातले एक निवडायला सांगतात. तो ते फुलदाणीत ठेवतो, तासाभराने दुसरेच कोणते तरी फूल घेऊन बाहेर पडतो, आणि दारातच त्याला उन्हाळ्याच्या उपासनांचे वेळापत्रक मिळते. पाळकांची भेट सप्टेंबरमध्ये होईल, पण पुढच्या रविवारी कोण बोलणार हे त्यात लिहिलेले असते.